डेंग्यू दुसऱ्यांदा येतो तेव्हा

‘एकदा येऊन गेला, आता भीती नाही’ ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती निराधार नाही. देवीच्या साथीतून जो वाचला, त्याच्या अंगावर व्रण राहिले. पण देवी त्याच्याकडे सहसा पुन्हा फिरकली नाही. लहानपणी गोवर निघालेल्या मुलाला गोवराची धास्ती उरत नाही. याच अनुभवाच्या पायावर लस टोचण्याचे शास्त्र उभे राहिले. त्याच बळावर १९७५ मध्ये आपल्या देशातून आणि १९८० पर्यंत साऱ्या जगातून देवीचे उच्चाटन झाले. तेव्हा ही समजूत अडाणीपणाची नव्हे. ती अनुभवाने शिकविलेली आहे.

परंतु एका आजारात उतरलेली समजूत दुसऱ्या आजारात उतरेलच असे नाही. ज्यात पहिला आजार हा दुसऱ्या आजारापासून संरक्षण न ठरता उलट धोका वाढविणारा ठरू शकतो, असा एक विषाणूजन्य ताप आज आपल्या शहरांत आणि खेड्यांत वावरत आहे. तो म्हणजे डेंग्यू. ‘गेल्या वर्षी आमच्या गल्लीत डेंग्यू होऊन गेला, यंदा काळजी नाही’ असे वाक्य ज्या गावात ऐकू येते, त्या गावाने यंदाच अधिक काळजी घ्यावयास हवी. असे का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

रावेर तालुका डोळ्यांसमोर ठेवून हा विचार केल्यास तो अधिक स्पष्ट होईल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळीच्या बागा, असा हा जळगाव जिल्ह्याच्या टोकाचा, मध्य प्रदेशाला लागून असलेला मुलूख. भुसावळ–खंडवा लोहमार्ग आणि बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग या तालुक्यातून जातात. येथील केळी दिल्लीपर्यंत आणि त्याही पलीकडे पोहोचते. तिच्यामागे व्यापारी, मालमोटारींचे चालक, घड कापणारे व माल भरणारे मजूर यांची ये-जा बारमाही चालू असते. शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, सुरत येथे गेलेली मुले सणासुदीला घरी येतात. ज्या मुलखात माणसांची इतकी वर्दळ असते, तेथे आजारालाही वाटा मोकळ्या असतात. डेंग्यूच्या दुसऱ्या फेरीचा प्रश्न या वर्दळीशी निगडित आहे.

एक नाव, चार विषाणू

डेंग्यू हे एका आजाराचे नाव असले, तरी तो घडविणारे विषाणू चार प्रकारचे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, किमुरा व होत्ता या जपानी शास्त्रज्ञांनी डेंग्यूचा विषाणू प्रथम वेगळा केला. त्यानंतर लवकरच अमेरिकी शास्त्रज्ञ आल्बर्ट साबिन यांनी हवाई, न्यू गिनी व कलकत्ता येथे आजारी पडलेल्या सैनिकांच्या रक्तातून हे विषाणू मिळविले आणि ते सर्व एकाच प्रकारचे नाहीत असे दाखवून दिले. पुढे १९५६ मध्ये मनिला येथील साथीतून आणखी दोन प्रकार हाती आले. आज त्यांना डेंग्यू एक, दोन, तीन व चार या क्रमांकांनीच ओळखले जाते.

साबिन यांच्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्या प्रकारचा डेंग्यू माणसाला होऊन गेला, त्या प्रकारापासून त्याला दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, संरक्षण मिळते. उरलेल्या तीन प्रकारांपासून मात्र काही महिनेच संरक्षण मिळते. ही मुदत सरली की दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला त्या माणसाच्या शरीराचे दार पुन्हा खुले होते. एका माणसाला डेंग्यू आयुष्यात एकाहून अधिक वेळा होऊ शकतो, तो या कारणामुळे.

येथे चिकुनगुन्याशी तुलना करून पाहणे उद्बोधक ठरेल. हा तापही एडिस जातीच्या डासाकडूनच पसरतो. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ आली होती आणि दीर्घ खंडानंतर २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा पसरला. पण चिकुनगुन्याला असे चार वेगवेगळे प्रकार नाहीत. त्यातून बरा झालेला माणूस, सांधे कितीही दिवस दुखत राहिले तरी, पुन्हा त्याच तापाने सहसा आजारी पडत नाही. इन्फ्लूएंझा व करोना यांचे विषाणू रूप पालटतात, म्हणून ते पुन्हापुन्हा गाठतात. तथापि मागील आजाराने मिळालेले थोडेफार संरक्षण तेथे बहुधा उपयोगीच पडते. डेंग्यूची तऱ्हा या सर्वांहून वेगळी आहे. येथे मागचे अर्धवट संरक्षण प्रसंगी अंगावर उलटते.

पहारेकरीच वाटाड्या होतो

हे कसे घडते? विषाणू शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे विषाणूला घट्ट चिकटून त्याला निकामी करतात. आजार बरा झाल्यावरही ती रक्तात राहतात आणि तोच शत्रू पुन्हा आला तर त्याला वेशीवरच अडवितात.

आता दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू विषाणू आला असे समजू. चारही प्रकारांच्या चेहऱ्यामोहऱ्यात बरेच साम्य आहे. त्यामुळे जुनी प्रतिपिंडे त्याला ओळखतात आणि चिकटतात. पण त्यांची पकड त्याला निकामी करण्याइतकी घट्ट बसत नाही. रक्तातील काही पांढऱ्या पेशींचे कामच असे असते, की प्रतिपिंडे चिकटलेली वस्तू दिसली की ती आत ओढून घ्यावयाची आणि नष्ट करावयाची. त्या पेशी आपल्या नेहमीच्या शिस्तीने या जोडगोळीला आत घेतात. परंतु डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींमध्ये. पहारेकऱ्याने चोराचा हात धरला, पण त्याला न बांधताच थेट कोठारात नेऊन सोडले, तर जे होईल तेच येथे होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा.

परिणामी विषाणूंची संख्या झपाट्याने वाढते. शरीराची संरक्षणयंत्रणा खवळून उठते आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. रक्तातील पातळ भाग त्या भिंतींतून झिरपून पोटाच्या व छातीच्या पोकळीत साचू लागतो. रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो आणि रुग्ण अत्यवस्थ होतो. डेंग्यूने होणाऱ्या मृत्यूंत रक्तस्रावापेक्षाही या झिरपण्याचा वाटा अनेकदा मोठा असतो.

ही उपपत्ती प्रामुख्याने स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकी वैद्यकाच्या कार्यातून पुढे आली. १९६० च्या दशकात बँकॉक येथे गंभीर डेंग्यूने रुग्णालयात येणाऱ्या मुलांचा अभ्यास करताना त्यांना आढळले, की यांपैकी बहुतेक मुलांना डेंग्यूचा संसर्ग पूर्वी एकदा होऊन गेलेला होता. याला अपवाद वाटावा असा एक गट होता, तो म्हणजे काही महिन्यांच्या अर्भकांचा. त्यांना संसर्ग पहिल्यांदाच झालेला असूनही आजार गंभीर होता. त्याचे कारणही प्रतिपिंडांतच सापडले. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात जन्माबरोबर येतात. ती हळूहळू विरळ होत गेली की संरक्षण संपते आणि काही काळ धोका मात्र उरतो.

याचा अर्थ दुसऱ्यांदा डेंग्यू झालेला प्रत्येक जण गंभीर आजारी पडतो असा मुळीच नाही. दुसऱ्या वेळीही बहुसंख्य लोक साध्या तापातून बरे होतात. पहिल्या वेळी सर्वच सुखरूप राहतात असेही नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, मधुमेहासारखे जुने विकार असलेले लोक यांना पहिला डेंग्यूही जड जाऊ शकतो. सांगावयाचे ते एवढेच की दुसऱ्या वेळी गंभीर आजाराची शक्यता वाढते आणि ती वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

क्यूबा बेटावरील धडा

हा सिद्धान्त केवळ प्रयोगशाळेत राहिला नाही. त्याची परीक्षा एका अख्ख्या देशाने दिली. क्यूबा या बेटावर १९७७ मध्ये डेंग्यू एकची मोठी साथ आली. असंख्य लोकांना संसर्ग झाला. पण आजार बहुतांशी सौम्य राहिला. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, तेथे डेंग्यू दोन आला. त्या साथीत ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १०१ बालके होती. गंभीर रुग्णांपैकी बहुतेकांना पहिल्या साथीत संसर्ग होऊन गेलेला होता.

त्यानंतर क्यूबाने डासांविरुद्ध कंबर कसली आणि अनेक वर्षे डेंग्यूला थोपवून धरले. परंतु १९९७ मध्ये सांतियागो या शहरात डेंग्यू दोन पुन्हा शिरला. या वेळी गंभीर आजारी पडलेले जवळजवळ सर्व रुग्ण प्रौढ होते. १९७७ च्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांना संसर्ग झाला तरी त्यांचा आजार सौम्य राहिला. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी पहिला डेंग्यू अनुभवला होता, तेच अडचणीत आले. शरीर मागील संसर्ग वीस वर्षांनीही विसरत नाही, हा या घटनेचा बोध आहे.

आपल्या देशातही डेंग्यूची गंभीर रूपे अपरिचित नाहीत. १९६३ मध्ये कलकत्त्यात रक्तस्रावी तापाची मोठी साथ आली. १९९६ मध्ये दिल्लीत १०,२५२ रुग्णांची नोंद होऊन ४२३ लोक दगावले. त्या साथीत डेंग्यू दोनचे प्राबल्य होते. त्यानंतर हा आजार महानगरांपुरता उरला नाही. नळयोजना, टाक्या, टायर आणि मोटारी जेथे पोहोचल्या, तेथे तोही पोहोचला.

पहिला संसर्ग कळतच नाही

वाचकांच्या मनात आता एक प्रश्न येईल. ‘मला अजून डेंग्यू झालाच नाही, तेव्हा दुसऱ्यांदा होण्याचा प्रश्न कोठे येतो?’ अडचण नेमकी येथेच आहे. डेंग्यूच्या चार संसर्गांपैकी साधारण तीन संसर्गांत ठळक लक्षणे दिसतच नाहीत. कोणाला दोन दिवस कणकण येते, कोणाला तेवढेही जाणवत नाही. रक्तात प्रतिपिंडे मात्र तयार होऊन बसतात.

२०१७-१८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत १२,३०० व्यक्तींच्या रक्ताची तपासणी करविली. ५ ते ४५ या वयोगटात डेंग्यूचा संसर्ग पूर्वी होऊन गेल्याच्या खुणा देशभरात ४८.७ टक्के लोकांत, तर पश्चिम विभागात ६२.३ टक्के लोकांत असल्याचा अंदाज या पाहणीतून निघाला. वय वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते. ५ ते ८ वर्षांच्या मुलांत ते २८.३ टक्के, ९ ते १७ या वयात ४१ टक्के आणि १८ ते ४५ या वयात ५६.२ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ शिक्षकांनी विशेषतः लक्षात घ्यावा. पहिल्या-दुसरीच्या वर्गात चार मुले बसली असतील, तर सरासरीने त्यांतील एकाने डेंग्यूचा पहिला संसर्ग न कळत ओलांडलेला असू शकतो. माध्यमिक शाळेत पोहोचेपर्यंत अशी मुले जवळजवळ निम्मी होतात. प्रत्येक गावाचे प्रमाण सारखे असणार नाही, हे खरे. परंतु तापाने फणफणलेले मूल ‘पहिल्यांदाच आजारी पडले आहे’ असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

दुसरी गोष्ट वर्दळीची. एका गावात एका वर्षी एक प्रकार पसरला आणि पुढे दुसरा आलाच नाही, तर दुसऱ्या फेरीचा धोका उद्भवणार नाही. परंतु रेल्वे, मालमोटार व प्रवासी यांच्या काळात हे शक्य कोटीतील नाही. तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. अशा अवस्थेत परगावाहून आलेल्या एका माणसाला येथील डास चावला, की साधारण आठ ते बारा दिवसांत तो डास नवा प्रकार पसरविण्यास सिद्ध होतो.

लसीची वाट एवढी लांब का?

डेंग्यूवर सर्वांना सरसकट टोचता येईल अशी लस काढणे इतके कठीण का गेले, याचे उत्तरही वरील विवेचनात आहे. लस चारही प्रकारांपासून सारखेच व भक्कम संरक्षण देणारी हवी. ती अपुरी पडली तर तिचा परिणाम पहिल्या संसर्गासारखा होण्याची भीती असते.

ही भीती फिलिपिन्समध्ये प्रत्यक्षात उतरली. तेथे एप्रिल २०१६ मध्ये शाळकरी मुलांना ‘डेंगव्हॅक्सिया’ ही लस देण्याची मोहीम सुरू झाली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनीच जाहीर केले, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस दिल्यास पुढे होणारा डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो. मोहीम थांबली. पालकांच्या मनात इतर लसींविषयीही संशय निर्माण झाला, हे नुकसान वेगळेच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने, ही लस द्यावयाची तर आधी रक्त तपासून, पूर्वी संसर्ग झालेल्यांनाच द्यावी, असा सल्ला दिला. चारही प्रकारांविरुद्धच्या एका भारतीय लसीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये दहा हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींसाठी सुरू करण्यात आली. अशा चाचण्यांत सहभागी व्यक्तींवर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते, ते दिरंगाईपोटी नव्हे, तर या अनुभवातून आलेल्या सावधगिरीपोटी.

ताप उतरला म्हणजे धोका टळला नव्हे

डेंग्यूचा आणखी एक फसवा गुण आहे. इतर आजारांत ताप उतरला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. डेंग्यूत खरी कसोटी तेथून सुरू होते. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप उतरू लागतो आणि पुढील २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका सर्वाधिक असतो. रुग्णाला ‘आता बरे आहे’ म्हणून शेतावर वा शाळेत पाठविण्याची चूक याच वेळी घडते.

पुढील लक्षणांपैकी एखादेही दिसल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे: पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या होणे, हिरड्या वा नाक यांतून रक्त येणे, उलटीत रक्त पडणे किंवा शौचास काळी होणे, अंगावर सूज वा दम लागणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, अतिशय ग्लानी किंवा बेचैनी. लहान मूल विनाकारण किरकिर करू लागले वा सुस्त पडून राहिले, तर तेही गंभीरच समजावे.

तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. त्या दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत. पाणी, ताक, पेज, सरबत, क्षारसंजीवनी असे द्रवपदार्थ थोडेथोडे पण वारंवार द्यावे. पपईच्या पानांचा रस देऊन निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. त्यावर विसंबून रुग्णालयात नेण्यास उशीर होता कामा नये. तसेच ‘प्लेटलेट किती?’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. रक्त किती दाट होत आहे हे दाखविणारे लाल पेशींचे प्रमाण, रक्तदाब आणि लघवी यांकडे डॉक्टरांचे लक्ष अधिक असते, आणि ते योग्यच आहे.

तपासणीविषयीही थोडे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही चाचणी उपयोगी पडते. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आयजीएम चाचणीचे संच देशभरातील निवडक शासकीय केंद्रांना पुरविते. दुसऱ्या संसर्गात आयजीएमचे प्रमाण कमी असू शकते आणि एनएस-१ ही लवकर नाहीसे होते. म्हणून चाचणी नकारार्थी आली तरी वरील लक्षणे असल्यास गाफील राहू नये.

रांजण, हौद आणि केळीची बाग

रावेरच्या शेतकऱ्याला विषाणूचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग, ज्याला तो ‘हरण्या’ म्हणतो, त्याने चांगलाच अनुभवला आहे. रोगट झाडाला औषध नाही, रोग पसरवितो तो मावा. म्हणून झाड उपटून नष्ट करावे, बांधावरचे तण काढावे, बागेत काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत, हे तो जाणतो. डेंग्यूतही विषाणूवर थेट औषध नाही. तेथेही लढा द्यावयाचा तो वाहकाशी. फरक इतकाच की येथे मावा नसून डास आहे आणि तो बांधावर नव्हे, तर आपल्या घरात वाढतो.

एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तो दिवसा चावतो आणि बहुधा जन्मस्थानापासून काहीशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्या वा शेजाऱ्याच्या घरचाच असतो. खानदेशात उन्हाळा कडक. पाणी भरून ठेवण्याची सवय येथे गरजेतून आलेली आहे. रांजण, माठ, सिमेंटचे हौद, छतावरील टाक्या, कूलर, गुरांच्या पाण्याची टाकी, शेतातील फवारणीचे ड्रम, आडोशाला पडलेले टायर व नारळाच्या करवंट्या ही त्याची आवडती ठिकाणे. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस हा झाडांच्या ढोलीत आणि केळी-अळूसारख्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यातही वाढू शकतो. बागेला लागून राहणाऱ्या मजूर कुटुंबांनी म्हणूनच अंगभर कपडे घालणे इष्ट.

अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे एक आठवडा लागतो. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ या सूचनेमागे हा हिशेब आहे. पण भांडे नुसते उपडे करून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात. पाणी पुन्हा भरताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून रांजणाच्या आतील कडा काथ्याने वा घासणीने खरडून काढल्या पाहिजेत. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावे किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडून अळीनाशक औषध टाकून घ्यावे. टाक्यांना घट्ट झाकण व वायुनलिकेला जाळी बसवावी. तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. त्यामुळे त्याच्यापासून डासाला आणि डासापासून शेजाऱ्याला होणारा संसर्ग टळतो.

शाळेने करावयाची मोजणी

धूर फवारला की डास गेले, अशी अनेकांची कल्पना असते. धुराने उडते डास मरतात. हौदातील अळ्या तशाच राहतात. गावाची खरी स्थिती अळ्या मोजून कळते, आणि हे काम सातवी-आठवीचे विद्यार्थी शिक्षक व आरोग्यसेवक यांच्या देखरेखीखाली करू शकतात. उदाहरणार्थ, ६० घरे पाहिली व त्यांतील ९ घरांत अळ्या आढळल्या, तर घर निर्देशांक १५ टक्के झाला. त्या घरांत एकूण १८० पाण्याची भांडी तपासली व १२ भांड्यांत अळ्या सापडल्या, तर भांडी निर्देशांक ६.६७ टक्के झाला. दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हे काढले तर २० हा आकडा येतो. त्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. दर आठवड्याला हे आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावे. अंकगणिताचा पाठही होईल आणि गावाला आपले रूप आरशात दिसेल. आकडा खाली आला तर श्रम सार्थकी लागले. वर गेला तर कोणत्या गल्लीत लक्ष घालावयाचे ते कळेल.

पहिल्या तापाची नोंद

शेवटी ग्रामपंचायत सदस्यांसाठी एक विचार. साथ येते तेव्हा सर्व यंत्रणा हलते. फवारणी होते, सभा होतात, फलक लागतात. साथ ओसरली की कागद फडताळात जातात. वरील सर्व विवेचनाचा इशारा मात्र उलट आहे. ज्या गावात डेंग्यू होऊन गेला, त्या गावात आता पहिल्या संसर्गाच्या खुणा अंगावर वागविणारी माणसे अधिक झाली आहेत. नवा प्रकार आल्यास याच गावाला धोका अधिक. तेव्हा साथीनंतरचे वर्ष हे विश्रांतीचे नसून तयारीचे वर्ष होय.

या तयारीला मोठा निधी लागत नाही. डेंग्यू निश्चित झालेल्या प्रत्येक रुग्णाने तपासणीचा कागद शिधापत्रिकेइतकाच जपून ठेवावा आणि पुढे कधीही ताप आल्यास ‘मला अमुक वर्षी डेंग्यू झाला होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. नोंद ठेवताना रुग्णाची नावे चावडीवर लावण्याचे कारण नाही. ती आरोग्य उपकेंद्रात, आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका यांच्याकडे गोपनीय राहावी. ग्रामपंचायतीला कोणत्या वस्तीत कोणत्या महिन्यात किती रुग्ण झाले एवढे कळले तरी पुरे. ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, स्वच्छता व पोषण समितीने पावसाळ्यापूर्वीच्या सभेत ही माहिती पुढे ठेवून त्या वस्त्यांपासून अळ्यांची मोजणी सुरू करावी. पाण्याचा पुरवठा जितका नियमित, तितकी साठवण कमी. तेव्हा नळाला पाणी कोणत्या दिवशी व किती वेळ येणार हे निश्चित करून पाळणे, हेही डेंग्यूविरुद्धचे एक औषधच आहे. पालसारख्या सातपुड्याच्या कुशीतील वस्त्यांतून रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. तेथे ताप उतरण्याच्या दिवसांत वाहनाची सोय आधीच ठरवून ठेवावी.

देवी गेली, कारण तिच्याविषयीचे ज्ञान घराघरांत पोहोचले आणि प्रत्येक रुग्णाची नोंद झाली. डेंग्यूला हाकलण्याचे तसे एकच अमोघ साधन आज आपल्या हाती नाही. पण रांजणाची कड घासणारा हात आहे, मागील तापाचा जपून ठेवलेला कागद आहे, आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस आजाऱ्याच्या उशाशी जागे राहणारे माणूस आहे. ‘एकदा येऊन गेला’ असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच सांगावे, ‘म्हणूनच आता अधिक जपा.’